चार बोटं कोरी जागा

२ ऑक्टोबर

आज सकाळी नगरपंचायतीच्या सोळा माणसांनी मिळून एक झाडू धरला. फोटो काढला. मग झाडू मुकादमाच्या हातात देऊन सोळाच्या सोळा चहाला गेले. कचरा होता तिथंच. शेवटी मीच उचलला, तर त्यात निम्मे त्यांचेच कागदी कप. थू! अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, पण असली परेड कुठं बघितली नाही.

हे झालं आमच्या खळ्यावर. पूर्वी सगळ्या बेलखडी गावाची मळणी इथं व्हायची म्हणून खळं. आता मळण्या मशीनवर होतात आणि खळ्याचं मैदान झालंय. वॉर्ड नऊमध्ये एवढीच काय ती सपाट जागा. रोज पहाटे पाचला मी फक्कीनं दोनशे मीटरची गोल रेघ मारतो आणि अकरा पोरी पळतात. पोलीस भरतीची तयारी. त्यातली एक माझी नात शिवांजली. आठशे मीटर म्हणजे चार फेऱ्या. आज तिनं दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत मारल्या. घड्याळ दोनदा बघितलं. तिला शाबासकी दिली नाही. पोरं लगेच फुगतात.

लाज एकाच गोष्टीची वाटते. पोरींना कपडे बदलायला जागा नाही. शेजारच्या रंगूबाईच्या घरामागं, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ ओढणी धरून उभ्या राहतात. एक खोली, एक बाथरूम, वर पत्रा, एवढं झालं तरी पुष्कळ. म्हाताऱ्यांना पेपर वाचायला चार बाक टाकले तर आणखी बरं.

संध्याकाळी आमच्या वॉर्डाचा नगरसेवक वीरधवल घरी आला. उंबऱ्यातच पाया पडला. म्हणाला, "सुभेदारसाहेब, विरंगुळा केंद्राला निधी येतोय. पण मागणी जनतेतनं आली पायजे. तुमच्यासारख्या माणसानं पुढं व्हायला पायजे." मला पुढाऱ्यांचा वीट आलाय. पण या पोराला माणसं ओळखता येतात, एवढं खरं.

५ ऑक्टोबर

आजपासून सह्या: खळ्याच्या कोपऱ्यात म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्र, त्यातच पोरींची खोली. वीरधवल म्हणाला, "अर्ज आमी टाईप करून लावतो. तुमी फकस्त सह्या गोळा करा, तुमाला कोण न्हाई म्हणनार?" बरोबर आहे. पलटणीत नामिनल रोल, म्हणजे जवानांच्या नावांची यादी, मीच लिहायचो. सीओ साहेब दुसऱ्या कंपन्यांना माझा कागद दाखवायचे. तोच हात अजून आहे. फुलस्केप कागद घेतले, पट्टीनं रकाने आखले: क्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. प्रत्येक पानावर शिरोनाम्यासाठी वर चार बोटं जागा कोरी सोडली. पहिली सही माझी. दुसरी शिवांजलीची.

अश्फाकच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. त्यानं पान उलटं केलं, सुलटं केलं. म्हणाला, "मानसिंग, वरचा कागद कुठाय?"

"यायचाय."

"मग आल्यावर करतो की सही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्यावर भरवसा नाही व्हय तुझा?" त्यानं चष्मा पुसला आणि सही केली. ठिणग्या बघून बघून त्याचे डोळे गेलेत, म्हणून माणूस संशयी झालाय.

रंगूबाईला लिहिता येत नाही. "काय लिवलंय वं ह्यात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चांगलंच लिहिलंय." "तुमी सांगताय म्हंजी झालं," म्हणाली आणि अंगठा उमटवून बोट पदराला पुसलं. अशी साधी माणसं आता कमी राहिली.

१३ ऑक्टोबर

दोनशे बारा सह्या. एक खाडाखोड नाही. वीरधवलच्या हातात पानं दिली तेव्हा तो बघतच राहिला. "साहेब, असलं काम आमच्या हापिसात बी कोण करत न्हाई." ते दिसतंच आहे म्हणा.

२६ नोव्हेंबर

फाईल घेऊन वीरधवलबरोबर साताऱ्याला गेलो. त्याच्या गाडीत पुढची सीट मला दिली. मागं त्याची चार माणसं शेंगेतल्या वाटाण्यासारखी बसली होती. जिल्ह्याच्या ऑफिसात पोचल्यावर म्हणाला, "जिने लय हायती. तुमी गुडघ्याला कशाला ताप देताय?" मी कँटीनमध्ये बसलो. दोन तासांनी तो हसत खाली आला.

येताना कंदी पेढे आणले. शिवांजलीनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "आबा, अर्ज वाचला का तुम्ही?"

"अर्ज फायलीत, फाईल साहेबांकडं."

"म्हणजे नाही वाचला."

ही पोरगी पोलिसात नको, कोर्टात पाहिजे होती.

२१ डिसेंबर

मंजुरी आली. आचारसंहिता लागायच्या आत नारळ फुटला पाहिजे म्हणून दोन दिवसांत भूमिपूजन उरकलं. एका कुदळीला नऊ हात. उरलेल्या पुढाऱ्यांना कुदळ मिळाली नाही, तर त्यांनी एकमेकांचे दंड धरले. आणि लोक! हातात एक वडापाव पडला की काय वाट्टेल त्याला टाळ्या. कसलं केंद्र, कुठं होणार, कुणी विचारलं नाही. इतक्या स्वस्तात माणूस विकला जातो हे बघून खरंच शिसारी आली.

मला पहिल्या रांगेत कापडाची खुर्ची होती. शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती गोष्ट वेगळी. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेचा मान होता तो. माईकवरून माझं नाव तीनदा घेतलं. त्यात दोनदा 'कॅप्टन' म्हणाले. भर कार्यक्रमात कुठं दुरुस्त करत बसायचं, म्हणून गप्प बसलो.

घरी आल्यावर सूनबाईनं, म्हणजे शिवांजलीच्या आईनं, क्रांतीनं, विचारलं, "मामा, शाल कपाटात ठेवू का देव्हाऱ्यात?" पोरीच्या मनात आदर आहे. मी म्हटलं कपाटात ठेव.

६ जानेवारी

पहाटे फक्कीचा डबा घेऊन गेलो तर खळ्यावर जेसीबी उभा. सातला सुरू झाला. मला वाटलं, कोपऱ्यात रंगूबाईच्या बाजूला खोलीचा पाया खणतील. तो थेट मधोमध गेला आणि पहिलाच बुक्का माझ्या कालच्या रेघेवर मारला. मी ओरडत धावलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद न करताच खाली वाकून सांगितलं, "आजोबा, मला नकाशा दिलाय तसं खणतोय."

पोरी कडेला उभ्या. बूट घातलेले, केस बांधलेले. दुपारपर्यंत खळ्यात सोळा खड्डे. काहीतरी चूक झालीय. उद्या ऑफिसात जाऊन एकेकाला सरळ करतो.

७ जानेवारी

ऑफिस उघडायच्या आधीच दारात जाऊन बसलो.

नगरपंचायतीत इंजिनिअर म्हणून एक पोरगं आहे. त्यानं नकाशा पसरला. 'बहुउद्देशीय सांस्कृतिक सभागृह.' स्टेज, वधूपक्ष खोली, वरपक्ष खोली, स्वयंपाकाचं शेड, आणि राहिलेल्या जागेत पार्किंग. म्हटलं, "अरे हे मंगल कार्यालय आहे! विरंगुळा केंद्र कुठं आहे?" त्यानं बोट ठेवलं. जिन्याखाली. आठ फूट बाय सहा फूट.

मी म्हटलं, "वॉर्डातल्या दोनशे बारा लोकांनी मैदान ठेवून कोपऱ्यात खोली मागितलीय. सह्या आहेत." तो म्हणाला, "त्याच सह्यांवर तर मंजुरी झाली, आजोबा." फाईल काढली. माझी पानं. माझे रकाने. आणि वर, मी सोडलेल्या चार बोटांत, प्रत्येक पानावर छापलेलं: 'आम्ही खाली सही करणारे रहिवासी या जागेचा मैदानी वापर बंद करून तेथे सभागृह बांधण्यास ना हरकत देत आहोत.' खाली एक नंबरला मानसिंग शेडगे. दोन नंबरला शिवांजली.

ओळी अगदी बरोबर बसल्या होत्या. एक अक्षर रकान्याला शिवलं नव्हतं.

८ जानेवारी

वीरधवलला त्याच्या दुकानात गाठलं. वाटलं, घाबरेल, सारवासारव करेल. त्यानं चहा सांगितला! म्हणाला, "साहेब, तापू नका. निधी मैदानाला येत न्हाई, निधी सिमेंटला येतोय. मोकळ्या जागंचं बिल कोण काढनार? आन् एकतीस मार्चच्या आत खर्ची पडला न्हाई तर परत जातोय."

"आणि पोरी कुठं पळणार?"

"पळायला काय लागतंय? रस्ता हाय की."

मी म्हटलं, "तू लोकांना फसवलंस." तर हसला. "मी? मी कुनाच्या दारात गेलो हुतो का, साहेब?"

चहा तसाच टाकून आलो. तोंडात मात्र सगळा दिवस कसलीतरी घाण चव आहे. हलकट माणूस. आणि ते इंजिनिअर पोरगं, ते मुख्याधिकारी, ते साताऱ्याचे जिने, सगळे एका माळेतले. देशाचं वाटोळं या लोकांनी केलं.

रात्री जेवताना शिवांजलीला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मी पण नव्हता वाचला, आबा. तुम्ही दिलात म्हणून केली सही." आणि ताक वाढून घेतलं.

२० जानेवारी

तक्रारीचे सात अर्ज दिले. पाचांची पोच मिळाली, दोघांनी शिक्का सापडत नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "आजोबा, तुमचीच ना हरकत आहे की."

अकरातल्या सहा पोरींनी पळणं सोडलं. त्यांच्या घरचे रस्त्यावर पाठवत नाहीत, आणि त्यांचं काय चुकतंय? उरलेल्या पाच कालव्याच्या रस्त्यानं पळतात. मी मागून सायकलवर. कारखाना चालू आहे, उसाच्या ट्रॉल्या जोडीजोडीनं येतात. मोठ्यानं गाणी लावलेली, मागं दिवा नाही. ट्रॉली आली की मी शिट्टी मारतो आणि पोरी कडेच्या गवतात उतरतात. आठशे मीटरमध्ये आज तीनदा उतरल्या. घड्याळ बघण्यात अर्थच नव्हता.

४ फेब्रुवारी

मी शिट्टी मारली. शिवांजली उतरली. गवतात ट्रॉलीच्या चाकाची चाकोरी होती, चिखल वाळून दगड झालेली. पाय आत गेला आणि मुरगळला.

उजवा घोटा. हाड मोडलं नाही, पण डॉक्टर म्हणाले तीन आठवडे पाय टेकायचा नाही. मैदानी चाचणीला पाच आठवडे आहेत. क्रांतीनं हळद गरम करून लावली. माझ्याकडं बघितलं नाही. मीही बाहेर ओट्यावर बसून राहिलो.

१२ मार्च

साताऱ्याला चाचणी. गोळाफेक चांगली झाली, शंभर मीटरही जमलं. आठशेला मी जाळीबाहेर उभा होतो. दुसऱ्या फेरीला ती उजवा पाय राखून टाकायला लागली. तीन मिनिटं एकोणीस सेकंद.

बाहेर आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "चला आबा, एस.टी. चुकेल."

३० मार्च

लेखी परीक्षेला निवडलेल्यांची यादी लागली. तिचं नाव नाही. दोन गुणांनी गेलं. आठशे मीटरमध्ये चार गेले होते. ऑक्टोबरातल्या वेळेत पळाली असती तर आज नाव असतं. हा हिशेब मला कुणी सांगितला नाही. तिनं तर नाहीच नाही. पण मी रोल लिहिणारा माणूस, मला येतो तो.

आज कुणाला शिव्या द्याव्यात असंही वाटत नाही.

१९ मे

सभागृहाचं उद्घाटन. मी जाणार नव्हतो. वीरधवलनं गाडी पाठवली, ती परत पाठवली. मग चालत गेलो, कारण न जाणं म्हणजे लपून बसणं. लांब, अश्फाकच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. पडदा सरकला, काळा दगड दिसला, टाळ्या झाल्या. अश्फाक तिथंपर्यंत जाऊन वाचून आला. मी म्हटलं, "बोल रं गड्या, काय लिहिलंय?"

"तुझं नाव हाय."

गर्दी गेल्यावर जाऊन बघितलं. अकरा पुढाऱ्यांच्या खाली, सोनेरी अक्षरात: 'संकल्पना: सुभेदार मानसिंग शेडगे.' हुद्दा या वेळी बरोबर लिहिला होता.

आत सगळ्यांना दाखवत होते म्हणून जिन्याखालची खोलीही बघितली. आठ बाय सहा. दारावर 'विरंगुळा केंद्र' अशी पाटी, आत एक कॅरम बोर्ड आणि त्याच्या वर-भोवती रचलेल्या लग्नाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या.

२४ मे

काल पहिलं लग्न झालं. वीरधवलच्या भाचीचं. आज सकाळी मागच्या बाजूला पार्किंगच्या जागेत पत्रावळ्यांचा ढीग, भात आंबलेला, कुत्री, माश्या. भिंतीला रंग देऊन आठवडा झाला नाही तोवर गुटख्याच्या पिचकाऱ्या कमरेएवढ्या उंचीवर. वास असा की ओट्यावर येऊन खरंच ओकलो.

तोंड धुताना विचार केला, एवढी ओकारी नेमकी कुणाची आली? भाताची नाही. वीरधवल तर जसा आहे तसाच आहे, त्यानं कधी लपवलंही नाही. त्याला कोरा कागद पाहिजे होता आणि कोऱ्या कागदावर लोकांच्या सह्या आणणारा माणूस पाहिजे होता. तो वॉर्डात एकच होता. पुढच्या सीटवर बसणारा. आधी वाचतो म्हणणाऱ्याच्या अंगावर धावून जाणारा. मला विकत घ्यायला एक शाल पुरली, लोकांना निदान वडापाव खायला तरी मिळाला.

क्रांतीला म्हटलं, शाल काढून दे. तिनं न विचारता दिली. कपाटात नव्हती. स्वयंपाकघरात, गव्हाच्या डब्याखाली ओल लागू नये म्हणून घातलेली होती. कधीपासून, ते मी विचारलं नाही. परत तिथंच घाल म्हणालो.

२५ मे

अर्ज लिहिला. टाईप नाही, माझ्या हातानं. सभागृहामागच्या जागेत पार्किंग करू नये, कचरा टाकू नये, कडेनं कुंपणालगत पोरींना पळायला पट्टी मोकळी ठेवावी, आणि जिन्याखालच्या खोलीतल्या खुर्च्या काढून ती पोरींना कपडे बदलायला द्यावी. दोनशे मीटरची रेघ नाही बसणार. एकशे वीसची बसते, मी पावलांनी मोजली.

पण त्याच्या वर, पहिली ओळ अशी: 'मागील वेळी मी, मानसिंग शेडगे, याने अर्ज स्वतः न वाचता व कुणाला न दाखवता कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, त्यामुळे मैदान गेले.' ही ओळ चार वेळा खोडली, पाचव्यांदा ठेवली. सह्यांच्या प्रत्येक पानावर सगळा मजकूर पुन्हा लिहिला. वर एक बोटसुद्धा जागा सोडली नाही. एका पानावर आता चारच सह्या बसतात. म्हणजे त्रेपन्न पानं. पंधरा झाली. शिवांजलीनं समोर बसून सोळावं लिहायला घेतलं. पुढच्या भरतीचा फॉर्म भरलाय म्हणाली.

२६ मे

पहिला अश्फाककडं गेलो. मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिली ओळही गाळली नाही. त्यानं वेल्डिंग मशीनकडं तोंड फिरवून ऐकलं, मग सही केली आणि म्हणाला, "अक्षर चांगलं हाय तुझं." बस्स, एवढंच.

मग रंगूबाईकडं. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी शाईचा पॅड काढला, तर तिनं हात पाठीमागं घेतला.

"आदी वाचा."

वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "आवं सुभेदार, तुमच्या खांद्यावर शाल बघितली तवाच मी सुनंला म्हनलं हुतं, खळं गेलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलं?"

मी उघडा पॅड पुढं केला. तिनं अंगठा मुठीत दाबून धरलेला. म्हणाली, "मला काय वाचता येत न्हाई. तुमी वाचताय तेच लिवलंय का दुसरं, ते कोण सांगनार? सून माहेरला गेलीया, उद्या सकाळच्याला येती. ती वाचंल, मी आयकंल, मग बगू."

मी पॅड बंद केला. दारात आलो तेव्हा तिनं मागून हाक मारली. म्हटलं, विचार बदलला असेल.

"पोरीचा पाय कसा हाय आता?" एवढंच विचारलं.

बरा आहे म्हणून सांगितलं. उद्या नऊ वाजता परत जायचंय.